होम दाबलं की आयकॉन गायब, मग एकेक उगवतात: लाँचर मरतोय की नुसता डोळे मिचकावतोय?

तक्रार जुनीच, फक्त दर वेळी फोन नवा असतो. हौसेने लाँचर, म्हणजे होम स्क्रीन आणि तिच्यावरचे आयकॉन दाखवणारं अ‍ॅप, बदलायचा, मनासारखा ग्रिड लावायचा, आयकॉन पॅक शोधण्यात अर्धी रात्र घालवायची आणि दोन दिवस भेटेल त्याला होम स्क्रीन दाखवत हिंडायचं. तिसऱ्या दिवशी होम दाबावं तर समोर नुसता वॉलपेपर. क्षणभर काहीच नाही. मग डॉकमधले चार आयकॉन येतात, मग वरच्या ओळी, आणि सगळ्यात शेवटी हवामानाचं विजेट धापा टाकत येऊन बसतं.

यावर मिळणारा सल्लाही ठरलेला. बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, रीसेंट्समध्ये (नुकत्याच वापरलेल्या अ‍ॅप्सच्या पडद्यावर) लाँचरला कुलूप लावा, कॅशे साफ करा, तरीही जमलं नाही तर फोन रीसेट मारा. मी रीसेट सोडून सगळं केलं, आणि रीसेटच्याही बेतात होतो. पंधरा दिवस त्यातच गेले. दोष यातल्या कशातच नव्हता. खरं कारण सापडलं तेव्हा स्वतःचाच राग आला, कारण पुरावा पहिल्या दिवसापासून सेटिंग्जमध्ये दिसत होता. मी तो उघडून पाहिलाच नव्हता.

तेव्हा उपायांच्या मागे लागण्याआधी एकच गोष्ट ठरवा: लाँचर खरोखर बंद पडतोय, की जिवंत असूनच स्वतःला पुन्हा रंगवतोय? पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखंच दिसतं. उपाय मात्र पार उलट दिशेचे आहेत.

आधी घड्याळ बघा

डेव्हलपर ऑप्शन्स चालू करा. अबाउट फोनमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केलं की ते सापडतात, हे इथल्या बहुतेकांना पाठच असेल. त्यात रनिंग सर्व्हिसेस नावाचं पान आहे. तिथे चालू असलेल्या प्रत्येक अ‍ॅपसमोर ते किती वेळ चालू आहे याचं घड्याळ पळत असतं. लाँचर त्या यादीत दिसायचा तर त्याची एखादी सेवा चालू हवी. आयकॉनवर नोटिफिकेशनचे ठिपके दाखवणारा पर्याय लावलेला असेल तर बहुधा ती असतेच. नसेल तर दोन दिवसांपुरता लावून ठेवा.

आता आकडा लक्षात ठेवा आणि फोन नेहमीसारखा वापरा. आयकॉन गायब होऊन परत आले की लगेच त्याच पानावर जा. घड्याळ शून्यापासून नव्याने चालू झालं असेल तर लाँचर मेला होता आणि आत्ताच पुन्हा जन्मला. घड्याळ मागच्या आकड्यापासून तसंच पुढे पळत असेल, तर तो मेलेलाच नाही.

माझ्या फोनवर आकडा होता १९:४२:१०. म्हणजे काल संध्याकाळपासून लाँचर एकदाही बंद पडलेला नव्हता, आणि तेवढ्या वेळात मी निदान दहा वेळा तरी आयकॉन उगवताना पाहिले होते. पंधरा दिवस मी ज्याला मरू नये म्हणून जपत होतो तो ठणठणीत होता.

जाता जाता एक खूण. मागे वॉलपेपर दिसत राहतो, कारण तो लाँचर काढतच नाही. साधा फोटो असेल तर तो सिस्टम यूआय (वरची पट्टी, लॉक स्क्रीन सांभाळणारा अँड्रॉइडचा भाग) काढते, लाइव्ह वॉलपेपर असेल तर ते त्याच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून चालतं. लाँचर त्याच्यावर पारदर्शक काचेसारखा बसलेला असतो. त्यामुळे आयकॉन गेले पण वॉलपेपर आणि वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी जागेवर, तर भानगड लाँचरकडे. तीनही एकदम जाऊन पडदा काळा झाला, तर सिस्टम यूआय कोसळली आहे आणि लाँचर बदलून काहीही उपयोग नाही.

घड्याळ शून्यावर आलं असेल तर

म्हणजे लाँचरला कोणीतरी मारलं. कोणी, हे शोधायला अँड्रॉइडचा हिशेब थोडा माहीत हवा.

रॅम कमी पडली की अँड्रॉइड कोणाला बाहेर काढायचं हे गुणांवर ठरवतं. गुण जितके जास्त तितका बळी जाण्याचा नंबर आधी. समोर उघडलेल्या अ‍ॅपला ०. होम म्हणून निवडलेल्या लाँचरला ६००. तुम्ही नुकतंच सोडून आलात त्या आधीच्या अ‍ॅपला ७००. आणि नुसती आठवण म्हणून मागे ठेवलेल्या बाकी अ‍ॅप्सना ९०० पासून पुढे. म्हणजे लाँचरला मुद्दाम थोडं सांभाळलेलं आहे. त्याच्या आधी मागची डझनभर अ‍ॅप्स जायला हवीत.

यातून एक फुकटची चाचणी निघते. वाचायला काहीतरी उघडा, पानाच्या मध्यावर सोडा, मग गेम किंवा जे जड वाटतं ते उघडा, तिथून होमवर या. लाँचर नव्याने उगवला, असं समजू. आता रीसेंट्समधून त्या वाचनाच्या अ‍ॅपवर जा. तेही पहिल्या पानापासून नव्याने सुरू झालं तर रॅम खरंच संपली होती. पण ते जसं सोडलं तसं, त्याच ओळीवर उभं असेल आणि लाँचर तेवढा मेला असेल, तर हे रॅमचं काम नाही. ९०० गुणांचा माणूस गाडीत बसून आणि ६०० चा खाली उतरवला, असं रॅमच्या हिशेबात सहसा होत नाही. मग उरतात दोन संशयित: फोन बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा बॅटरी सांभाळणारा दादा, किंवा लाँचर स्वतःच क्रॅश होणं.

रॅम संपत असेल तर पहिली तपासणी: लाँचर खरोखर डीफॉल्ट आहे का? सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डीफॉल्ट अ‍ॅप्स, होम अ‍ॅप. काही जण नवा लाँचर त्याच्या आयकॉनवरून उघडतात आणि तोच चालू आहे असं समजतात. तसा उघडलेला लाँचर हा इतर कुठल्याही अ‍ॅपसारखाच. तुम्ही बाहेर पडलात की त्याला ६०० चं संरक्षण नाही.

दुसरी गोष्ट, ४ जीबीच्या टॅबवर दोन लाँचर पोसणं जड जातं. दोन का, ते पुढे सांगतो. मोठ्या रॅमच्या फोनवरही कॅमेरा हा नेहमीचा गुन्हेगार आहे. तो उघडला की बऱ्याच फोनवर मागची अ‍ॅप्स धडाधड पडतात. कॅमेऱ्यातून बाहेर आल्यावरच आयकॉन उगवत असतील तर ते सोडून द्या. मी सोडून दिलंय. ‘व्हर्च्युअल रॅम’ वाढवून यात फरक पडेल या आशेवर राहू नका. ती स्टोरेजमधली उसनी जागा असते, खऱ्या रॅमपेक्षा खूप संथ.

बॅटरीच्या दादाचं म्हणाल तर इथे तो प्रसिद्ध सल्ला कामाला येतो. लाँचरला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, ऑटोस्टार्ट नावाचा पर्याय असेल तर तो द्या, झोपणाऱ्या अ‍ॅप्सच्या यादीतून काढा. सॅमसंगवर ही यादी वेगळीच असते: स्लीपिंग, डीप स्लीपिंग आणि कधीच झोपवू नये अशी अ‍ॅप्स. तीनही उघडून बघा. पण एक गैरसमज काढायला हवा. अँड्रॉइडचं मूळचं डोझ, जे २०१५ मध्ये मार्शमॅलोबरोबर आलं, ते अ‍ॅप मारत नाही. फोन पडून असताना ते मागच्या अ‍ॅप्सचं इंटरनेट आणि ठरवलेली कामं लांबवतं. झोपवतं, गळा दाबत नाही. गळा दाबणारे कंपन्यांनी वरून बसवलेले असतात, आणि प्रत्येकाची सेटिंग्ज वेगळ्या कोपऱ्यात.

क्रॅशचा संशय असेल तर विजेटं एकेक काढून दोन दोन तास बघा. मला आजवर दोनदा विजेटच गुन्हेगार आढळलं, आणि दोन्ही वेळा बिचाऱ्या लाँचरला शिव्या घातल्यानंतर.

घड्याळ पळतच असेल तर

माझी गोष्ट इथली, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

१९ तासांचा आकडा बघितल्यावर मी बॅटरीचा नाद सोडला आणि कागदावर नोंद ठेवायला लागलो: आयकॉन कधी गेले, त्याआधी मी काय केलं होतं. तीन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. अ‍ॅपमधून परत येताना जवळजवळ कधीच नाही. फोन अनलॉक केला की मात्र हमखास. दर वेळी नाही, पण जेव्हा होई तेव्हा अनलॉकनंतरच्या पहिल्या दोन सेकंदांत.

चौथ्या दिवशी फोन हातात घेऊन मुद्दाम लॉक-अनलॉक करत बसलो. पाचव्या-सहाव्या वेळी दिसलं. अनलॉक केला, मागचा फोटो डोंगराचा होता तो विरून वाळलेल्या पानाचा झाला. त्याच क्षणी वरची पट्टी खाली ओढली तर क्विक सेटिंग्जच्या टाइल्स निळसर होत्या त्या तपकिरी व्हायला लागल्या होत्या. आणि आयकॉन लुकलुकून परत आले.

वॉलपेपर बदलणारं अ‍ॅप. मीच टाकलेलं, मीच त्याला फोटोंचा अख्खा फोल्डर दिलेला आणि ‘दर अनलॉकला बदल’ असं मीच सांगितलेलं. ज्या संध्याकाळी लाँचर टाकला त्याच संध्याकाळी.

आतलं कारण असं. अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून, मटेरियल यू आलं आणि सगळ्या फोनचा रंग वॉलपेपरवरून ठरायला लागला. वॉलपेपर बदलला की रंगांचा नवा संच तयार होतो आणि तो सिस्टमभर लागू होतो. अँड्रॉइडच्या लेखी हा ‘कॉन्फिगरेशन बदलणं’ आहे. फोन आडवा केला, भाषा बदलली, डार्क मोड लागला की उघडा पडदा जसा मोडून पुन्हा उभा राहतो, तसाच तो रंग बदलल्यावरही राहतो. फरक इतकाच की आडवं-उभं होणं अ‍ॅपला स्वतः हाताळून टाळता येतं, रंगांचा हा बदल टाळता येत नाही. प्रोसेस जिवंत राहते, म्हणून घड्याळ पळत राहतं. पण पडदा पाडून नव्याने बांधला जातो. लाँचरच्या बाबतीत नव्याने बांधणं म्हणजे शंभर आयकॉन, त्यांच्यावरचा आयकॉन पॅक आणि पाच विजेटं.

अँड्रॉइड १२ च्या आधीच्या फोनवरही हे थोड्या प्रमाणात होतं. ८.१ पासून अ‍ॅप्सना वॉलपेपरचे मुख्य रंग विचारता येतात. लाँचर त्यावरून ठरवतो की आयकॉनखालची नावं पांढरी ठेवायची की काळी. गडद फोटो जाऊन उजळ फोटो आला की काही लाँचर पुन्हा रंगतात. नावांचा रंग ‘ऑटो’ऐवजी कायमचा पांढरा किंवा काळा केला की हे थांबतं.

मी काय केलं: वॉलपेपर दर अनलॉकला न बदलता दिवसातून एकदा, पहाटे, पडदा बंद असताना बदलेल असं लावलं. नावांचा रंग पांढरा केला. त्या दिवसापासून अनलॉकची लुकलुक बंद. दर अनलॉकला नवा फोटो हवाच असेल तर वॉलपेपर अँड स्टाइलमध्ये वॉलपेपरचे रंग न घेता खालचे ठरीव रंग निवडून बघा. माझ्या फोनवर तसं केल्यावर फोटो बदलला तरी टाइल्सचा रंग हलला नाही आणि आयकॉनही जागचे हलले नाहीत. फक्त मग मटेरियल यूची अर्धी गंमत जाते, हे खरं.

याच गटातला दुसरा संशयित डेव्हलपर ऑप्शन्समध्येच बसलेला असतो. डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज नावाचं एक बटण आहे. ते अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या चाचणीसाठी आहे: तुम्ही पडदा सोडला रे सोडला की तो मोडून टाकायचा. कोणीतरी कुठेतरी ‘रॅम वाचवायची युक्ती’ म्हणून हे चालू करायला सांगितलेलं असतं आणि मग दर वेळी होम दाबलं की होम नव्याने बांधला जातो. एका मित्राचा फोन मी तासभर उलटासुलटा करून बघितला, शेवटी हेच निघालं. त्याला विचारलं तर म्हणाला, हो, फोन फास्ट होतो म्हणून केलं होतं. तुमचे आयकॉन अगदी प्रत्येक वेळी, न चुकता, कुठल्याही अ‍ॅपमधून आलं तरी उगवत असतील, तर बाकी काही वाचायच्या आधी हे बटण बघा.

टॅबवर तिसरा: फिरवणं. टॅब आडवा-उभा केला की ग्रिड बदलतो, विजेटांची मापं बदलतात. घडी होणाऱ्या फोनचंही तेच. होम स्क्रीन एका दिशेत कुलूपबंद करता येते, बहुतेक लाँचरमध्ये तो पर्याय असतो. सूर्यास्ताला आपोआप लागणारा डार्क मोडही एकदाच डोळा मिचकावतो. रोज संध्याकाळी एकदा, ठरलेल्या वेळी होत असेल तर तेच.

जेश्चर अडखळतं, त्याचं मूळ वेगळं

खालून वर सरकवलं की अ‍ॅप आक्रसत आक्रसत आपल्या आयकॉनमध्ये जाऊन बसतं, हे कंपनीच्या लाँचरवर लोण्यासारखं होतं. तुमच्या लाँचरवर मात्र अ‍ॅप मधेच नाहीसं होतं, एक झटका बसतो, मग होम दिसतो. हे सेटिंग बदलून जाणार नाही, कारण हा घडणीतला प्रश्न आहे.

२०१८ साली अँड्रॉइड ९ (‘पाय’ नावाचं) आलं, त्यात रीसेंट्सचा पडदा सिस्टम यूआयमधून काढून लाँचरमध्ये बसवला गेला. कुठल्याही लाँचरमध्ये नाही, फोनबरोबर आलेल्या लाँचरमध्येच. कल्पना डिझाइनच्या अंगाने चांगली होती. होम आणि रीसेंट्स एकाच अ‍ॅपचे दोन चेहरे झाले की त्यांच्यातली ये-जा सलग दाखवता येते. पण त्या दिवसापासून बाहेरचा लाँचर हा अर्धाच लाँचर झाला. होम त्याचा, रीसेंट्स मात्र कंपनीच्या लाँचरचं. बोट वर सरकवताना एक अ‍ॅप दुसऱ्याच्या हातात दोरी देतं, आणि तो झटका त्या हस्तांतराचा असतो. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० बरोबर पूर्ण जेश्चर आली तेव्हा तर बाहेरच्या लाँचरवर ती चालतच नव्हती, तीन बटणांवर परत जावं लागे. नंतरच्या अपडेटने ती चालायला लागली, झटका मात्र राहिला. काही कंपन्या आजही बाहेरचा लाँचर लावला की जेश्चर बंदच करतात.

मघाशी दोन लाँचर म्हटलं ते हेच. तुम्ही दुसरा लाँचर लावलात तरी कंपनीचा लाँचर रीसेंट्ससाठी मागे जिवंतच असतो. टॅबवर तर खालचा टास्कबारही, जो १२एल बरोबर २०२२ मध्ये आला, त्याच्याच घरातला.

म्हणून एक गोष्ट करू नका. ‘नको असलेली अ‍ॅप्स’ एडीबीने (संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाने) उडवायच्या ज्या याद्या फिरतात, त्यात कधी कधी कंपनीचा लाँचरही असतो. नवा लाँचर टाकलाच आहे, जुना कशाला, असा विचार करून तो काढला की रीसेंट्स मेलं, बऱ्याच फोनवर जेश्चरही मेली, आणि मग लोक नव्या लाँचरला नावं ठेवतात. जुना पडून राहू द्या. घरातला म्हातारा कोपऱ्यात बसलेला दिसला तरी किल्ल्या त्याच्याकडेच असतात.

झटका खरोखर घालवायचा तर रूट करून, म्हणजे फोनच्या सिस्टमचा पूर्ण ताबा घेऊन, लॉनचेअरसारख्या लाँचरला रीसेंट्सचा ताबा देता येतो. लॉनचेअर हा अँड्रॉइडच्याच खुल्या लाँचर३ वर बांधलेला असल्याने त्याला ती भूमिका झेपते. पण नुसत्या एका ॲनिमेशनसाठी रूट करावं असं मी कोणाला सांगणार नाही. बँकेची अ‍ॅप्स रुसतात ते वेगळंच. रूटशिवायचा उपाय माझ्या मते दोन: तीन बटणं लावा, किंवा लाँचरमधलं उघड-मीट ॲनिमेशन अगदी साधं, विरत जाणारं निवडा. झटका राहतो, पण डोळ्याला टोचत नाही.

विजेट अडकतं ते लाँचरमुळे नाही

विजेटात दोन भागीदार असतात. चित्र काढतो लाँचर, मजकूर पाठवतं विजेटाचं मूळ अ‍ॅप. कालचं तापमान आजही दिसत असेल तर लाँचरने काढलेलं चित्र शाबूत आहे, मागचं अ‍ॅप मात्र बोलायचं थांबलं आहे. तेव्हा ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करायचं ते हवामानाच्या अ‍ॅपला. लाँचरला करून काही होत नाही, आणि मी पाहिलंय, नव्वद टक्के लोक लाँचरलाच करतात.

शिवाय काही अपेक्षाच चुकीच्या असतात. विजेटाला सिस्टमकडून आपोआप मिळणारी ताजेपणाची पाळी कमीत कमी ३० मिनिटांची असते. त्याहून लवकर हवं तर अ‍ॅपने स्वतः धडपड करावी लागते, आणि बॅटरीसाठी बरीच अ‍ॅप्स ती करत नाहीत.

फोटो दाखवणारं विजेट जुन्याच फोटोवर अडून बसलं असेल तर आणखी एक मर्यादा. एका विजेटातली सगळी चित्रं मिळून पडदा दीडदा भरेल इतकीच मेमरी घेऊ शकतात. १०८० बाय २४०० च्या पडद्यावर हे साधारण १५.५ एमबी होतं. त्याच्या वर गेलं की अपडेट नाकारलं जातं आणि आधीचंच चित्र राहतं. विजेट लहान करा किंवा अ‍ॅपमध्ये फोटोची गुणवत्ता उतरवा.

अँड्रॉइड १५ वर विजेट राखाडी झालं आणि टॅपच घेत नाही, असं अलीकडे बरेच जण सांगतात. ते अ‍ॅप फोर्स स्टॉप झालेलं असतं. १५ पासून थांबवलेल्या अ‍ॅपची विजेटं मुद्दाम बंद केली जातात. ते अ‍ॅप एकदा उघडा, विजेट परत जागं होतं. रोज राखाडी होत असेल तर रोज कोणीतरी त्याला फोर्स स्टॉप करतंय. ‘फोन क्लीनर’ जातीचं काही टाकलंय का ते बघा आणि काढा.

एसडी कार्डावर हलवलेल्या अ‍ॅप्सची विजेटं रीस्टार्टनंतर गायब होतात, कारण फोन उठतो तेव्हा कार्ड अजून जोडलेलं नसतं. लाइव्ह वॉलपेपरचंही तेच. जुन्या टॅबवर ही खोड फार. विजेटवाली अ‍ॅप्स आतल्या स्टोरेजवरच ठेवा, लाँचर तर ठेवाच.

आणि सेफ मोडमध्ये जाण्याआधी होम स्क्रीनचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. सेफ मोडमध्ये बाहेरची सगळी अ‍ॅप्स बंद असतात, त्यामुळे कंपनीचा लाँचर पुढे येतो आणि परत आल्यावर काही विजेटं जागेवर नसतात. लाँचरचा बॅकअप आयकॉन परत आणतो, पण विजेटांचे क्रमांक सिस्टमने दिलेले असतात, ती बहुधा हाताने पुन्हा बसवावी लागतात.

राहिलेल्या किरकोळ

रीस्टार्टनंतर पहिल्यांदा अनलॉक केलं की ‘फोन सुरू होत आहे’ अशी पाटी आणि मग होम: हा दोष नाही. पहिल्या अनलॉकपर्यंत तुमच्या फायली कुलपात असतात आणि लाँचरलाही उठता येत नाही. तोवर सिस्टम एक रिकामा होम पुढे धरते.

दोनदा टॅप करून फोन लॉक केला की पुढच्या वेळी बोटाचा ठसा चालत नाही, पिन मागतो: लाँचर डिव्हाइस ॲडमिनच्या जुन्या पद्धतीने लॉक करतोय. त्या पद्धतीत ठसा मुद्दाम नाकारला जातो. लाँचरच्या सेटिंग्जमध्ये पद्धत बदलून ॲक्सेसिबिलिटी करा. अँड्रॉइड ९ पासून ती आहे. पण लाँचर फोर्स स्टॉप झाला की ॲक्सेसिबिलिटीची परवानगी बंद पडते, ती पुन्हा द्यावी लागते. दोनदा टॅप करून अचानक काहीच होईनासं झालं तर तिथे बघा.

स्टोअरबाहेरून एपीके (इन्स्टॉल करायची फाइल) आणून टाकलेल्या लाँचरला अँड्रॉइड १३ पासून ॲक्सेसिबिलिटी आणि नोटिफिकेशन वाचायची परवानगी देताना बटण राखाडी दिसतं. लाँचरच्या अ‍ॅप इन्फोमध्ये वरच्या तीन टिंबांमागे ‘अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज’ आहे. तीन टिंबं दिसत नसतील तर आधी एकदा त्या राखाडी बटणावर टॅप करून नकार घ्या, मग परत या. आणि हो, परवानगी देण्याआधी ती एपीके कुठून आणली होती ते आठवा.

माझ्या फोनवर आता काय उरलंय ते सांगतो. घड्याळ शेवटचं बघितलं तेव्हा ६३ तासांच्या पुढे होतं. कॅमेऱ्यातून आल्यावर आठवड्यातून एखाद वेळा ते शून्यावर येतं. जेश्चरचा झटका आहे तसाच आहे, टॅबवर कंटाळून तीन बटणं लावली. वाळलेल्या पानाचा तो फोटो फोल्डरमधून काढून टाकला. त्याचा काही दोष नव्हता, पण तो दिसला की पंधरा दिवस आठवायचे.